रोपाची पहिली माती

वैशाखाचे ऊन मालवणच्या किनाऱ्यावर तापू लागले की गावोगावी एकच लगबग सुरू होते. हापूसच्या पेट्या भरल्या जातात, काजूच्या बिया अंगणात वाळत पडतात, पावसापूर्वी घरांची शाकारणी उरकण्याची घाई असते. याच दिवसांत रोपवाटिकांमधून एक काम मुकाट्याने चाललेले असते. त्याकडे वाटसरूचे सहसा लक्ष जात नाही. तेथे कोणी माती चाळत असते, कोणी वाळू धूत असते, तर कोणी वाळलेल्या शेणखताची ढेकळे फोडत असते. शेजारच्या बागेत यंदाचे फळ उतरत असताना ही माणसे पुढच्या पन्नास वर्षांच्या फळांची तयारी करीत असतात.

आंब्याचे किंवा काजूचे कलम थेट डोंगरउतारावर जन्माला येत नाही. त्याचे बालपण एका लहानशा पिशवीत जाते. ही पिशवी सुमारे २५ सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद असते. तिच्यात मावते ती दोन-तीन ओंजळी माती. तेवढ्याच मातीतून रोपाला अन्न, पाणी आणि हवा मिळवावी लागते. मोठ्या झाडाच्या मुळांना एका जागी ओल मिळाली नाही, तर ती दुसरीकडे जातात. पिशवीतील मुळांना दुसरी जागाच नसते. शिवाय कलम बागेत लावताना ही माती त्याच्याबरोबर खड्ड्यात जाते. बी उत्तम असेल, काडी जातिवंत असेल आणि कलम बांधणारा हातही कसबी असेल. परंतु पिशवीतील माती रोगट असेल तर तो रोग नव्या बागेत पोहोचतो.

सिंधुदुर्गात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. हा जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झाला. पण त्यापूर्वीच, १९५७ साली, वेंगुर्ल्यास फळ संशोधन केंद्र सुरू झाले होते. आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. नीलम आणि हापूस यांच्या संकरातून निर्माण झालेला ‘रत्ना’ आंबा (१९८१), रत्ना आणि हापूस यांच्या संकरातून आलेला, अगदी लहान कोयीचा ‘सिंधू’ आंबा (१९९२), तसेच काजूच्या ‘वेंगुर्ला-४’ (१९८१) आणि ‘वेंगुर्ला-७’ (१९९७) या जाती येथील परिश्रमांतून मिळाल्या. या जातींचे बी पेरले तर त्यातून मूळ झाडाचे गुण जसेच्या तसे उतरतील याची खात्री नसते. म्हणून त्यांची कलमेच बांधावी लागतात. आणि कलमे आली की पिशव्या आल्या, पिशव्या आल्या की माती आली.

पिशवीत भरावयाचे मिश्रण साधे असते. एक घमेले तांबडी माती, एक घमेले वाळू आणि एक घमेले चांगले कुजलेले शेणखत, असे तीन समान भाग घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. या तिघांची कामे निरनिराळी आहेत. जांभ्या खडकापासून बनलेली तांबडी माती मुळांना आधार देते. वाळूच्या कणांमध्ये पोकळी राहते; त्या पोकळीतून जादा पाणी निथळते आणि हवा आत शिरते. शेणखत ओल धरून ठेवते व रोपाला हळूहळू अन्न पुरविते. नुसती तांबडी माती भरली तर ती पाण्याने घट्ट बसते आणि मुळे गुदमरतात. नुसती वाळू भरली तर पाणी घातल्याबरोबर निघून जाते. नुसते खत भरले तर ते दिवसेंदिवस खचत जाते आणि रोप लटपटू लागते. तिघे एकत्र आले म्हणजे एकाचा दोष दुसरा झाकतो. मात्र पिशवीच्या तळाशी व बाजूंना भोके पाडलेली नसतील, तर इतके करूनही उपयोग होत नाही. साचलेल्या पाण्यात मुळे कुजतात.

पण घटक निवडताना डोळसपणा हवा. मालवणच्या मुलाला वाळू हवी असली तर तो प्रथम समुद्राकडेच पाहील. कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. तेथे एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी आहे. ही शुभ्र वाळू दिसावयास सुंदर. परंतु तिच्यात मीठ असते आणि शिंपल्यांचा चुराही असतो. मिठामुळे रोपाच्या मुळांना पाणी शोषून घेणे कठीण होते. भोवती ओल असूनही रोप तहानलेले राहते आणि त्याच्या पानांच्या कडा करपतात. शिवाय किनाऱ्यावरची वाळू हे गावाचे लाटांपासून संरक्षण करणारे कवच असल्यामुळे ती उचलण्यावर कायद्याचीही बंधने आहेत. म्हणून रोपवाटिकेसाठी गोड्या पाण्यातील जाड वाळू, परवान्याने काढलेली, आणावी आणि तीही दोन-तीन वेळा धुऊन घ्यावी.

हीच गोष्ट काथ्याच्या भुशाची. नारळाच्या सोडणापासून काथ्या काढल्यावर जो तपकिरी भुसा उरतो, तो स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतो. त्यामुळे रोपवाटिकांत त्याला मोठी मागणी असते. पण सोडणे पुष्कळदा खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजत घातलेली असतात. तेव्हा असा भुसा गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, पुन्हा भिजवून वापरावा लागतो.

शेणखताची परीक्षा तर अधिकच काळजीपूर्वक करावी लागते. ताजे शेण कुजताना उष्णता निर्माण करते व कोवळी मुळे जाळते. पुरते कुजलेले खत काळसर आणि भुसभुशीत असते. त्याला शेणाचा वास येत नाही आणि ढिगात हात जवळ नेला तरी ऊब जाणवत नाही. खताच्या ढिगात कधीकधी पांढऱ्या, जाड, वाकड्या अळ्या आढळतात. त्यांपैकी काही हुमणीच्या असतात, तर काही गेंड्या भुंग्याच्या. हुमणी रोपांची मुळे खाते. गेंड्या भुंगा मोठा झाल्यावर माडाचा कोवळा सुरळीतला पाला पोखरतो. खत चाळणीतून गाळले म्हणजे या अळ्या वर राहतात आणि त्या वेचून नष्ट करता येतात. चाळण्याचे कंटाळवाणे काम अशा रीतीने माडाची राखण करीत असते.

चाळणीला सापडतात ते दिसणारे शत्रू. मातीत न दिसणारे शत्रूही असतात. रोपवाटिकेत कधी असा प्रकार घडतो : संध्याकाळी पाहावे तो रोपे टवटवीत, ताठ उभी, सकाळी पाहावे तो त्यांतील कित्येक माना टाकून आडवी झालेली. जवळून पाहिले तर खोड मातीलगत मऊ, पाणचट आणि बारीक झालेले दिसते. याला रोपे कोलमडणे म्हणतात. पिथियमसारखे सूक्ष्म, बुरशीसदृश जीव हा रोग घडवून आणतात. ते ओल्या, घट्ट, पाणी साचलेल्या मातीत झपाट्याने वाढतात. कोकणातील पावसाळा म्हणजे त्यांचा सुगीचा काळ.

हे संकट केवळ कोकणावरच येते असे नाही. इंग्लंडमध्ये लंडनजवळ मर्टन येथे जॉन इनेस यांच्या नावाची उद्यानविद्या संस्था होती. तेथे १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रिमुला नावाच्या फुलझाडाची रोपे मोठ्या प्रमाणावर मरू लागली. त्या काळी प्रत्येक माळी प्रत्येक झाडासाठी मातीचे वेगळे मिश्रण करी आणि आपली कृती गुप्त ठेवी. विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. त्यांनी माती वाफेने तापवून निर्जंतुक केली आणि निरनिराळी मिश्रणे मोजूनमापून तपासली. अखेर पेरणीसाठी एक आणि कुंड्या भरण्यासाठी एक, अशी मोजकीच मिश्रणे बहुतेक सर्व झाडांना पुरेशी होतात, हे त्यांना दिसून आले. ती कृती त्यांनी दडवून ठेवली नाही. सर्वांसाठी खुली केली. म्हणूनच आजही त्या संस्थेचे नाव जगभरच्या माळ्यांच्या तोंडी आहे.

मातीला उष्णता दिली की रोपे जोमाने वाढतात, हा अनुभव कोकणच्या शेतकऱ्याला मात्र नवा नव्हता. भाताचा तरवा पेरण्यापूर्वी वाफ्यावर कवळ, पाचोळा, गवत आणि शेण पसरून ते पेटवून देण्याची चाल येथे पिढ्यानपिढ्यांची आहे. उत्तर कोकणात तिला ‘राब’ म्हणतात, दक्षिणेकडे ‘भाजावळ’. त्या आगीने तणांचे बी जळते, वरच्या थरातील रोगजंतू व किडी मरतात आणि राखेचे खत मिळते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर या सहकाऱ्यांसह या पद्धतीचा अभ्यास केला आणि १९१२ साली त्यावर प्रबंध प्रसिद्ध केला. ज्याला कोणी अडाणी रूढी म्हटले असते, तिच्यामागे काय शास्त्र आहे हे त्यांनी शोधू पाहिले.

तथापि भाजावळीचे तोटेही आहेत. झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडाव्या लागतात, वणव्याचे भय असते, धूर होतो. आणि जो पाचोळा कुजून मातीला कस देणार, तोच जळून जातो. मातीत केवळ शत्रू नसतात. चिमूटभर मातीत असंख्य सूक्ष्मजीव नांदत असतात आणि त्यांतील बहुतेक निरुपद्रवी किंवा उपकारक असतात. काही पाचोळा कुजवितात, काही नत्राचे रूपांतर करून रोपाला घास भरवितात. माती अती तापविली तर हे मित्रही मरतात, अमोनिया साचतो आणि रोपाची मुळे पोळतात. शिवाय अशा ओसाड मातीत पुढे एखादा रोगजंतू शिरला, तर त्याला अडविणारा कोणीच उरत नाही. म्हणून माती मारून टाकावयाची नसते. रोगकारक बुरशा मरतील आणि मित्रांपैकी बरेच जगतील, इतकीच उष्णता हवी. साठ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास मिळाली, तर बहुतेक रोगकारक बुरशा नाहीशा होतात. माती उकळण्याची गरज पडत नाही.

ही उष्णता फुकट देणारा दाता कोकणच्या आकाशात चैत्र-वैशाखात नित्य हजर असतो. इस्राएलमधील शास्त्रज्ञ याकोव काटान आणि त्यांचे सहकारी यांनी १९७६ साली सूर्याच्या उष्णतेने माती शुद्ध करण्याची पद्धत मांडली. तिला ‘सूर्यतापन’ म्हणतात. रोपवाटिकेत ती अशी करता येते : स्वच्छ, उन्हाच्या जागी मातीचा सुमारे एक वीत जाडीचा थर पसरावा. तो पाण्याने चांगला ओला करावा. कारण कोरड्या मातीपेक्षा ओल्या मातीत उष्णता खोलवर पोहोचते आणि ओलाव्यात जागे झालेले जंतू उष्णतेला लवकर बळी पडतात. त्यावर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवावा व कडा मातीने दाबून टाकाव्यात. काळा कागद येथे चालत नाही. तो ऊन स्वतःच शोषून घेतो. पारदर्शक कागद ते मातीपर्यंत जाऊ देतो आणि आतली ऊब व वाफ कोंडून ठेवतो. असा थर चार ते सहा आठवडे झाकून ठेवावा. कागद काढल्यावर मातीवर पुन्हा धूळ, सांडपाणी अथवा न धुतलेले फावडे येऊ देऊ नये. शेवटी, चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही मित्र बुरशी वाढवून ते खत थंड मातीत मिसळावे. शत्रू येण्यापूर्वीच मित्राला जागा दिलेली बरी.

पूर्वी मोठ्या रोपवाटिकांत माती शुद्ध करण्यासाठी मिथिल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू वापरीत. तो जंतूंना मारी, पण हवेत जाऊन पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थरालाही हानी पोहोचवी. म्हणून मॉन्ट्रियल करारान्वये पुढारलेल्या देशांत २००५ पासून आणि विकसनशील देशांत २०१५ पासून, काही मोजके अपवाद वगळता, त्याचा वापर थांबविण्यात आला. उन्हाला असा कोणताही दोष नाही.

येथपर्यंत रोपाची काळजी झाली. परंतु ज्या हातांनी ही माती कालविली जाते, त्या हातांचे काय? ऊन दिलेली माती रोपाला निर्धोक झाली म्हणजे माणसालाही निर्धोक झाली, असे पुष्कळांना वाटते. ही समजूत चुकीची आहे, आणि ती चुकीची का, हे दोन जुन्या प्रयोगांवरून कळते.

जर्मनीतील गॉटिंगेन येथे १८८४ साली आर्थर निकोलायर या तरुण संशोधकाने बागेतील साधी माती घेऊन ती प्राण्यांच्या कातडीखाली घातली. काही दिवसांत त्या प्राण्यांना धनुर्वात झाला. ज्या रोगात स्नायू ताठरून शरीर धनुष्यासारखे वाकते, त्याचे मूळ पायाखालच्या मातीत होते! पुढे १८८९ साली बर्लिनमध्ये शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने हा जंतू वेगळा काढण्याचे ठरविले. त्याच्याबरोबर दुसरे अनेक जंतू मिसळलेले होते. कितासातोने ते मिश्रण ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले. इतर जंतू मेले. धनुर्वाताच्या जंतूची कवचधारी बीजे मात्र जिवंत राहिली. जी उष्णता इतरांचा काळ ठरली, तीच त्याला ओळखण्याची खूण झाली.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. वैशाखातले ऊन रोपाच्या शत्रूंना मारते. धनुर्वाताच्या बीजांना ते मारू शकत नाही. गुराढोरांच्या शेणातून ही बीजे खतात व मातीत येतात आणि जखमेची वाट पाहत राहतात. म्हणून हाताला खरचटलेले असेल तर जखम झाकून हातमोजे घातल्याशिवाय मातीत हात घालू नये. अनवाणी काम करू नये. काच, गंजका खिळा किंवा काटा लागला तर जखम साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन, घरच्या वडीलमाणसांना सांगून, विनाविलंब दवाखान्यात जावे. या रोगावर लस आहे. भारतात मुलांना वयाच्या १० व्या आणि १६ व्या वर्षी तिची मात्रा दिली जाते. अशाच लसीकरणामुळे व सुरक्षित प्रसूतीमुळे नवजात बालकांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे २०१५ साली जाहीर झाले. त्यापूर्वी या रोगाने किती पाळणे रिकामे केले, हे जुन्या पिढीला ठाऊक आहे.

पावसाळ्यात आणखी एक सावधगिरी हवी. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या चिखलापाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा ताप होतो. कोकणातील शेतकऱ्यांना तो परिचित आहे. तेव्हा तयार मिश्रणाचा ढीग उघड्यावर न ठेवता उंच, कोरड्या जागी झाकून ठेवावा. आणि कोरडे मिश्रण कधीही जोराने उडवू नये. ऑस्ट्रेलियात १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस काही माणसांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला, तेव्हा त्याचे जंतू कुंडीत भरावयाच्या खतमिश्रणात आढळले. त्या देशात अशा मिश्रणाच्या पिशव्यांवर सावधगिरीची सूचना छापलेली असते. उपाय अगदी सोपा आहे : मिश्रणावर आधी झारीने पाणी शिंपडावे, पिशवी तोंडापासून दूर धरून उघडावी, नाकातोंडावर स्वच्छ फडके बांधावे, आणि काम संपल्यावर हात धुतल्याखेरीज काही खाऊ नये. मातीची चव घेऊन खारटपणा पाहण्याची खोड तर मुळीच नसावी. स्वयंपाकाच्या भांड्यात माती तापविणेही तितकेच अयोग्य.

मग मिश्रण चांगले झाले की नाही, हे ओळखावे कसे? त्यासाठी मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. एका कुंडीत ते मिश्रण आणि दुसऱ्या कुंडीत पूर्वी वापरून खात्री पटलेली माती भरावी. दोहोंत मेथीचे वीस-वीस दाणे पेरावेत व सारखेच पाणी घालावे. आठ-दहा दिवसांनी दोन्ही कुंड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. मिश्रणात मीठ राहिले असेल, खत कच्चे असेल किंवा रोगजंतू शिरले असतील, तर मेथी ते सांगून टाकते. दहा दिवसांचा धीर धरला, तर हजार कलमांचे नुकसान टळते.

मृगाचा पाऊस सुरू होतो. तापलेला कातळ थंड होतो, रोपवाटिकेतील भरलेल्या पिशव्यांच्या रांगांमधून काजूचे पहिले कोंब वर येतात. दीड-दोन महिन्यांत त्यांच्यावर जातिवंत काडीचे कलम बांधले जाईल. पुढे ती कलमे मालवण-वेंगुर्ल्याच्या कातळावर, देवगड-कणकवलीच्या उतारांवर जातील आणि मोठी होतील. फळ खाणारा झाडाचे कौतुक करील, क्वचित कलम बांधणाऱ्याचेही करील. वैशाखाच्या उन्हात वाळू धुणाऱ्या व माती चाळणाऱ्या हातांची आठवण त्याला होणार नाही. परंतु झाडाच्या मुळांशी ती मूठभर माती असतेच.

स्वाध्याय

१. पिशवीतील मिश्रणात माती, वाळू आणि शेणखत या तिन्ही घटकांची गरज का असते?
२. समुद्रकिनाऱ्यावरची वाळू रोपांसाठी का वापरू नये? दोन कारणे लिहा.
३. भाजावळ आणि सूर्यतापन यांतील साम्य व भेद सांगा.
४. कितासातोच्या प्रयोगावरून मातीत काम करणाऱ्याने कोणता बोध घ्यावा?
५. ‘माती मारून टाकावयाची नसते’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा.
६. उपक्रम : हातमोजे घालून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, धुतलेल्या व न धुतलेल्या काथ्याच्या भुशात मेथीचे प्रत्येकी वीस दाणे पेरा. दहा दिवस रोज निरीक्षण करून वहीत नोंद ठेवा.